लोन, लंडन आणि सातबारा

या महिन्यात आलेली पत्रं चाळली तर निम्म्याहून जास्त एकाच विषयावरची. टीवाय बीएमएस (मॅनेजमेंटच्या पदवीचं शेवटचं वर्ष) नाहीतर बीकॉमची मुलं, बाहेर शिकायला जायचंय, लोन काढायचंय, आणि घरात त्यावर कोणी धड बोलत नाही. म्हणून एफडी आणि आंबा कॅनिंगचे प्रश्न पुढच्या अंकात, यावेळी फक्त हेच. मी बँकेत कर्ज विभागात नोकरी केलीय हे जुन्या वाचकांना माहितीय, नव्यांना सांगून ठेवते, म्हणजे मी कुठल्या खुर्चीवरून बोलतेय ते कळेल. नावं छापत नाही, गावं छापतेय.

प्रश्न: ताई, मी रत्नागिरीत टीवाय बीएमएसला आहे. यूकेच्या एका युनिव्हर्सिटीत एमएससी मॅनेजमेंटची ऑफर आलीय, एक वर्षाचा कोर्स, फी, राहणं, व्हिसा सगळं धरून ३५ लाख. एक फायनान्स कंपनी तारण न घेता ११ टक्क्यांनी पूर्ण लोन द्यायला तयार आहे. कन्सल्टंट म्हणतो तिथे दोन वर्षं जॉब केला की लोन फिटून जातं. मित्र म्हणतात आता लोन सगळेच घेतात, त्यात काय एवढं. आणि बाबा कर्ज हा शब्द काढला की ताटावरून उठतात. कोणाचं ऐकू?

उत्तर: अरे, मित्र आणि बाबा दोघंही एकच गोष्ट करतायत, आकडा बघायचा टाळतायत. एक हसून टाळतो, एक रागावून. तू मात्र फायनान्सचा पेपर दिलायस ना, मग कागद घे आणि बस.

३५ लाख, ११ टक्के, दहा वर्षं. कोर्सचं एक वर्ष आणि नंतरची एक वर्षाची सूट धरू (फायनान्स कंपन्या बऱ्याचदा सहाच महिने देतात आणि शिकत असतानाच थोडं व्याज भरायला लावतात, ते आधी विचार). या दोन वर्षांत हप्ता नाही म्हणजे व्याज नाही असं नव्हे हे कितीतरी मुलांना माहीतच नसतं. सरळ व्याज धरलं तरी ७ लाख ७० हजार वाढतात, पैसे टप्प्याटप्प्याने उचललेस तर थोडे कमी. म्हणजे पहिला हप्ता यायच्या वेळी देणं ४२ लाख ७० हजार. हप्ता पडतो साधारण ५८ हजार ८००, आणि दहा वर्षांत तू फेडतोस साडेसत्तर लाख. घेतलेस पस्तीस. बाबांना हा आकडा दाखव, ते ताटावरून उठतील, पण यावेळी निदान कशासाठी उठलो ते त्यांना सांगता येईल.

आता तुझा कन्सल्टंट. दोन वर्षं म्हणतोय तो ग्रॅज्युएट रूटबद्दल बोलतोय, शिक्षण झाल्यावर तिथे राहून काम शोधायची मुभा. पण १ जानेवारी २०२७ पासून जे त्यासाठी अर्ज करतील त्यांना दोन वर्षं नाही, अठराच महिने मिळणार, पीएचडीवाले सोडून. तू या सप्टेंबरला जाऊन पुढच्या सप्टेंबरला कोर्स संपवलास तर तू अठरावाल्यांत. हे त्याने सांगितलं नसेल तर एकतर त्याला माहीत नाही नाहीतर माहीत आहे, दोन्ही वाईटच. आणि त्या अठरा महिन्यांनंतर राहायचं तर स्किल्ड वर्कर व्हिसा लागतो, त्याला स्पॉन्सर लायसन असलेली कंपनी हवी आणि जुलै २०२५ पासून पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१ हजार ७०० पौंड केलीय, नव्याने कामाला लागणाऱ्या तरुणांना सवलतीत ३३ हजार ४००. इंजिनिअर, नर्स यांना कंपन्या त्यासाठी खटपट करतात, पण एक वर्षाचं जनरल मॅनेजमेंट केलेल्या, अनुभव शून्य असलेल्या मुलासाठी का करतील, याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर जा. शिकताना आठवड्याला वीस तास काम करता येतं हे खरं, त्यातून भाजी आणि बसचा पास निघतो, हप्ता निघत नाही.

कन्सल्टंटला एक सरळ विचार, की मी या युनिव्हर्सिटीत गेलो तर तुम्हाला तिकडून कमिशन मिळतं का. बहुतेकांना मिळतं, त्यात बेकायदेशीर काही नाही, फक्त त्याचा सल्ला हा सेल्समनचा सल्ला आहे एवढं लक्षात राहतं.

माझी कसोटी एकच आहे आणि मी ती प्रत्येक मुलाला लावते. तू पौंडात कमावशील असं धरू नकोस. परत आलास, मुंबईत नाहीतर पुण्यात नोकरी लागली, त्या रुपयांतल्या पगारात हप्ता बसतो का? हातात येणाऱ्या पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या आत हप्ता हवा, तर ५८ हजार ८०० साठी हातात दीड लाखाच्या आसपास यायला हवेत. उलटं करून बघ, सुरुवातीला महिना ४५ हजार हातात आले तर १८ हजाराचा हप्ता झेपतो, म्हणजे व्याजासकट तेरा लाखांचं कर्ज. तेरा आणि बेचाळीस, यातली दरी कोण भरणार हा प्रश्न घरात बसून बोला. बाबांची पेन्शन, आईचे दागिने, की दोन वर्षं आधी इथे नोकरी करून साठवलेले पैसे? शेवटचं मला सगळ्यात आवडतं, कारण दोन वर्षांचा अनुभव घेऊन गेलेला मुलगा तिथल्या इंटरव्ह्यूत फ्रेशरसारखा घाबरत नाही. ऑफर पुढे ढकलता येते का हे युनिव्हर्सिटीला ईमेल करून विचार, फुकट असतं.

आणि हो, त्या युनिव्हर्सिटीच्या ब्रोशरमधला अ‍ॅव्हरेज पगार वाचू नकोस, मीडियन माग, म्हणजे पगार ओळीने लावले तर बरोब्बर मधला. आपल्याकडच्या एमबीएसारखं कॅम्पस प्लेसमेंट तिकडे नसतं, करिअर ऑफिस असतं, ते सीव्ही नीट करून देतं, नोकरी तुलाच शोधायची असते.

प्रश्न: मॅडम, देवगडात आमची हापूसची बाग आहे. मुलगी बीकॉम झाली, तिला जर्मनीला मास्टर्स करायचं आहे, तिथे फी नाही म्हणते. राहण्याखाण्याला मिळून १५-१६ लाख लागतील. बाग तारण ठेवून कर्ज मिळेल का? सातबाऱ्यावर नऊ नावं आहेत, सहा जण मुंबईत असतात. आमची आई विचारते, कर्ज काढून गेल्यार फेडतलो कोण? माझ्याकडे उत्तर नाही.

उत्तर: दादा, आईंचा प्रश्न माझ्या सगळ्या बँकेच्या फॉर्मपेक्षा नेमका आहे.

आधी बागेचं. एज्युकेशन लोनला शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. कारण साधं आहे, कर्ज बुडालं तर बँक ज्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली कोर्टात न जाता मालमत्ता विकू शकते त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, म्हणजे बँकेच्या दृष्टीने तुमची दीडशे वर्षांची बाग कागदावर नुसती शोभेची. एनए (बिगरशेती) प्लॉट, घर, फ्लॅट, एफडी, एलआयसीची सरेंडर व्हॅल्यू हे चालतं. आणि मेहेरबानी करून बाग अडकवायचा दुसरा कुठला मार्ग शोधूही नका, सावकाराकडे तर नकोच. मोहोर गळला, फळ डागाळलं की एक सीझन जातो, हप्ता मात्र मे महिना बघून येत नाही.

दुसरं, सामायिक सातबारा. घर एनए करून तारण ठेवायचं म्हटलं तरी नऊ जणांच्या सह्या लागणार. वाटप करून घ्यायचं असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज होतो, सगळ्यांची संमती असेल तर सोपं जातं, आणि ती संमती मिळायची वेळ म्हणजे गणपती, सगळे चाकरमानी एका माजघरात असतात तेव्हा. फक्त आरतीनंतर लगेच विषय काढू नका, विसर्जनाच्या आदल्या दुपारी काढा, तोपर्यंत जुने रुसवेफुगवे निवळलेले असतात. हे मात्र फक्त लोनसाठी नाही, एरवीही करून ठेवाच, तुमच्यानंतर नऊची एकोणीस नावं होतील.

आता कर्जाची खरी अडचण वेगळी आहे, तुमचं उत्पन्न. बँक को-अ‍ॅप्लिकंटचे रिटर्न आणि सिबिल (आधीच्या कर्जफेडीचा रेकॉर्ड) बघते, आणि आंब्याचे पैसे वर्षातून एकदा येतात, अर्धे दलालाच्या उचलीत आधीच गेलेले असतात. किसान क्रेडिट कार्डचं कर्ज थकलं असेल तर ते सिबिलवर दिसतं, आधी ते नियमित करा. साडेसात लाखापर्यंत सरकारी बँका साधारणपणे मालमत्ता तारण न मागता, पालक को-अ‍ॅप्लिकंट आणि तिऱ्हाईत जामीनदार घेऊन देतात, परदेशाच्या कोर्सला १५ टक्के स्वतःचे घालावे लागतात. मुंबईतल्या मामाला नाहीतर काकाला जामीन राहा म्हणताना त्याला एवढं सांगाच की बाबा, ही फॉर्मॅलिटी नाही, आम्ही थकलो तर तुझ्याकडे वसुली येणार आणि तुझं होमलोन अडणार. आपल्याकडे गावातली निम्मी भांडणं बांधावरची आणि उरलेली जामिनाची, हे काय मी तुम्हाला सांगायचं.

जर्मनीचं मुलगी म्हणते ते बरंचसं बरोबर. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत, आणि एमबीए नावाचे कोर्स सरकारी ठिकाणीही बऱ्याचदा पैसे घेऊनच असतात. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११ हजार ९०४ युरो आधी ठेवावे लागतात, महिन्याला ९९२ सुटतात. हे पैसे कुठे जात नाहीत, तिचेच असतात, तिथे राहायला वापरते, पण जायच्या आधी एकरकमी उभे करावे लागतात हे घरात आजच कळू दे. एपीएस प्रमाणपत्र (डिग्रीचे कागद खरे असल्याची तिकडची तपासणी) लागतं, त्याला वेळ जातो. शिकून झाल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात, हे यूकेच्या नव्या नियमाइतकंच. पण अकाउंट्स, मार्केटिंग, एचआर अशा कामांना तिथे जर्मन भाषा हवी, नुसती बेकरीत पाव मागण्याइतकी नव्हे, मीटिंगमध्ये भांडण्याइतकी. मुलीला विचारा, बी-वन (जर्मनची मधल्या पातळीची परीक्षा) कधी देतेस? परीक्षेची तारीख सांगितली तर कर्ज काढा. "तिकडे गेल्यावर शिकेन" म्हणाली तर एक वर्ष थांबा, त्या वर्षात पैसेही जमतील.

आणि आईंना सांगा, फेडतली तीच. तिच्यासमोरच सांगा.

प्रश्न: परदेशात फी पाठवताना बँक टीसीएस (आगाऊ टॅक्स) कापते म्हणे, आणि ८०ई मध्ये किती सूट मिळते? — गुहागर

उत्तर: मान्यताप्राप्त बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या एज्युकेशन लोनमधून पाठवलेल्या पैशांवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही. स्वतःच्या पैशातून पाठवलेत तर वर्षाला १० लाखांच्या वर लागतो, तोही रिटर्न भरल्यावर टॅक्समध्ये वळता होतो. इन्कम टॅक्सच्या ८०ई मध्ये (एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात हेच कलम १२९) फक्त व्याजाची वजावट, मुद्दलाची नाही, रकमेला मर्यादा नाही, आठ वर्षं, आणि जुन्या टॅक्स पद्धतीतच. काकांकडून किंवा पतपेढीतल्या ओळखीतून घेतलेल्या हातउसन्यावर मिळत नाही.

प्रश्न: ताई, मी वेंगुर्ल्याचा, बीएमएस शेवटचं वर्ष. वर्गातले बरेच जण आयर्लंड, ऑस्ट्रेलिया करतायत, मला काजू प्रक्रियेचं युनिट टाकायचंय. सगळे म्हणतात, शिकून काजू फोडणार? पप्पा म्हणतात आधी एमबीए कर, मग बघू. मला दोन्हीसाठी लोन लागणार. आधी कुठलं?

उत्तर: पहिल्यांदा हे सांग, काजूच्या सीझनला कधी कुठल्या कारखान्यात बसलायस का? बसला नसशील तर येत्या फेब्रुवारीत बस, पगार नाही दिला तरी बस. कारण या धंद्यातलं खरं कर्ज मशीनला लागत नाही, बीला लागतं. गावठी बी बाजारात येते फेब्रुवारी ते मे, आणि युनिट चालवायचं बारा महिने. म्हणजे वर्षभराचा माल तीन-चार महिन्यांत रोखीने उचलून, उन्हात वाळवून, गोणीत भरून ठेवायचा, पावसात ओल लागली की गर काळा पडतो आणि डब्ल्यू-२४० चा माल तुकड्याच्या भावाने जातो. (डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात साधारण २४० पांढरे गर बसतात तो मोठा काजू. हे तुझ्या वर्गातल्या त्या हसणाऱ्यांना विचार, येतं का.) बी संपली की आफ्रिकेतून आलेली बी घ्यावी लागते, तिचा भाव डॉलरवर. मशीनचं टर्म लोन पास झालं आणि बीसाठी कॅश क्रेडिट लिमिट (माल भरायला बँक देते ती फिरती उचल) नाही म्हणून जूनमध्येच कुलूप लागलेली युनिटं मी पाहिलीयत. प्रोजेक्ट रिपोर्ट करशील तेव्हा खेळत्या भांडवलाचं पान आधी लिही, मशीनचं नंतर.

पैशांच्या बाजूने तुझं नशीब परदेशवाल्यांपेक्षा बरं आहे. केंद्राची पीएमएफएमई योजना (मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती, पुढे चालू आहे का ते आधी विचार), अन्नप्रक्रियेच्या लहान युनिटला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, अनुदान. मुद्रा योजनेत 'तरुण' नावाच्या गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. अनुदान हे हातात रोख येत नाही, कर्जखात्यात जमा होतं, आणि उशिरा येतं, त्यामुळे ते धरून हिशेब करायचा नाही. योजनेच्या मागे लागून धंदा करणारे खूप बघितलेत, अनुदान आलं की मशीनवर ताडपत्री.

एमबीए वाईट नाही. पण कुठलं हे महत्त्वाचं. सीईटी नीट देऊन मुंबईतल्या जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमच्या मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी मिळालं तर डोळे झाकून जा, काजू पळून जात नाही, आणि तिथे भेटलेली मुलं पुढे तुझा मालही विकतील. भारतातच शिकणार असशील तर पीएम विद्यालक्ष्मी बघ, यादीतल्या संस्थेत मेरिटवर प्रवेश असेल तर तारण नाही, जामीन नाही, आणि घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सूट काळात तीन टक्के व्याज सरकार भरतं. नाहीच मिळालं चांगलं कॉलेज, तर कुठल्यातरी हायवेच्या कडेच्या काचेच्या इमारतीत बारा लाख घालून एमबीए करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. पप्पांना डिग्री हवीय ती लग्नाच्या बायोडेटासाठी की धंद्यासाठी, हे हळूच विचारून बघ. चिडले तर माझं नाव सांगू नकोस.

वर्गातल्यांचं मनावर घेऊ नकोस, पण त्यांना नावंही ठेवू नकोस. आपल्या कोकणातला माणूस गिरणीत गेला, बोटीवर गेला, आखातात गेला, घर मनीऑर्डरवर चाललं, त्यामुळे बाहेर गेला तो सुधारला हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. फरक एवढाच की आखातात जाणारा एजंटचे पैसे भागवून दुसऱ्या वर्षी घराला कौलं घालायचा, आता पोरगं निघतं ते चाळीस लाख मागे लावून.

प्रश्न: ताई, मी चिपळूणची. यूकेहून एमएससी करून परत आलेय, तिकडे स्पॉन्सर करणारी नोकरी मिळाली नाही. पुण्यात जॉब लागला, हातात ४२ हजार येतात. लोन २८ लाख, १२ टक्के, आठ वर्षं, हप्ता साडेपंचेचाळीस. दोन हप्ते थकलेत, पप्पा को-अ‍ॅप्लिकंट आहेत, रिटायर्ड शिक्षक. फोन येतात ते उचलत नाही. गावात तर जातच नाही, कोण काय विचारेल म्हणून.

उत्तर: अगं, फोन उचल आधी. ही पहिली गोष्ट. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं, तुझ्याबरोबर पप्पांचंही सिबिल खराब होतं, आणि त्यानंतर बँक किंवा कंपनी जे आज ऐकून घेईल ते ऐकत नाही. दोन थकलेत म्हणजे तुझ्याकडे दिवस आहेत, पण थोडे. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो मोडत असतील तर तारीख-वेळ लिहून ठेव.

मुदत वाढवून माग. हेच २८ लाख पंधरा वर्षांवर नेले तर हप्ता साडेतेहेतीस हजारांच्या आसपास येतो. फुकट नाही ते, आठ वर्षांत तू जवळपास ४४ लाख भरले असतेस, पंधरात साठाच्या वर जातील. पण आज तुला जास्तीच्या व्याजापेक्षा एनपीएची भीती मोठी आहे. ४२ मधून ३३ गेले की पुण्यात पीजीचं भाडंही निघत नाही, म्हणून सोबत असंही माग की पहिली दोन वर्षं फक्त व्याज किंवा कमी हप्ता, पुढे पगार वाढेल तसा चढता. व्याजच महिना २८ हजार आहे हेही बघ, म्हणजे त्याखाली कोणी उतरणार नाही. उरलेल्याला पप्पांच्या पेन्शनमधून काही महिने मदत घेतलीस तर त्यात लाज कसली, त्यांनीच सही केलीय. पुढे हात सैल झाला की मुद्दल आधी भर, व्याजदर फ्लोटिंग (बदलता) असेल तर आधी भरल्याचा दंड लागत नाही, फिक्स्ड असेल तर करारात बघ.

कोणीतरी सांगेल की चिपळूणचं घर सरकारी बँकेत तारण ठेवून हे लोन तिकडे वळव, व्याज दोन-अडीच टक्क्यांनी कमी होईल. होईलही. पण आज तुझं कर्ज विनातारण आहे, थकलं तर पत जाते, घर जात नाही. तो बदल तुझी नोकरी पक्की होऊन वर्ष झाल्यावर, आणि पप्पांच्या डोक्यावर न लादता, तेव्हा बघू.

गावाचं म्हणशील तर शिमग्याला जा. विचारतील, "आलीस काय परत? कधी जाणार?" सांग पुण्यात आहे. दुसऱ्या मिनिटाला ते हायवेच्या खड्ड्यांवर बोलायला लागतील.

हा सोमवार चुकवू नकोस. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्यात लोन खाते नंबर, आत्ताचा पगार (सोबत पगाराच्या तीन स्लिपा जोड), किती हप्ता झेपतो तो आकडा आणि कधीपासून ते लिही. "परिस्थिती बिकट आहे" वगैरे लिहू नकोस, तिथे बसलेल्या माणसाला आकडा लागतो. पप्पांचीही सही घे. दोन प्रती कर, एक आत दे, दुसरीवर पोच म्हणून तारखेचा शिक्का घेऊनच बाहेर पड. फायनान्स कंपनीचं ऑफिस जवळ नसेल तर तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर पाठव, पत्ता त्यांच्या सँक्शन लेटरमध्ये असतो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत.